बीएएमएमसी: जाहिरात की पत्रकारिता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचीला वाशी-नेरुळकडे बीएएमएमसीला (मास मीडियाची पदवी, पूर्वीचं बीएमएम) घालायचंय. बीएमएससारखी (मॅनेजमेंटची पदवी) प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, इथे नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते. मात्र मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन नावनोंदणी राहिली की कॉलेजचा फॉर्म अडतो. ते जमेल. खरा पेच तिसऱ्या वर्षाचा, जाहिरात की पत्रकारिता? पुरेशी मुलं नसली की एकच शाखा चालवतात, आणि माहितीपत्रकात ते क्वचितच सापडतं! तर ठाणे-नवी मुंबईत यंदा दोन्ही शाखा कुठे सुरू आहेत? एडिटिंगच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर किती जण? इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की मुलांनीच अंधेरी, लोअर परळ पालथं घालायचं? पुढे आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) अमरावतीचा मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा डोक्यात आहे, म्हणून मराठी माध्यमाची तुकडी जवळपास असेल तर तीही सांगा.