'चकवणे', 'मोडून काढणे' की 'दाद न देणे'?

विचारणा :
पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी परजीवींवर टिपण लिहिते आहे. शरीराच्या पहिल्या फळीतल्या संरक्षणाला सहज, जन्मजात की उपजत प्रतिकारशक्ती म्हणावं? आणि परजीवी तिला 'चकवतात' हे क्रियापद बरोबर आहे का?

उत्तर :
'सहज' नको. मूळ अर्थ 'सोबत जन्मलेलं' असला तरी आज वाचक 'विनासायास' असंच वाचेल. 'जन्मजात' चुकीचा नाही, पण आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडंही त्यात धरली जातील, आणि ती या फळीतली नव्हेत. मी 'उपजत' घेईन. 'चकवतात' चालेल.

दुसरं उत्तर :
'उपजत'ला माझंही मत. 'चकवतात' मात्र सरसकट नको, त्यानं विज्ञानच बिघडतं.

ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या एकपेशी परजीवीचं बघा. माणसाच्या रक्तात एपीओएल१ नावाचं प्रथिन असतं. ते या परजीवीच्या आत शिरून पटलांना छिद्रं पाडतं आणि तो फुगून मरतो. म्हणून आफ्रिकेत गुरांना नागाना हा रोग देणारा त्याचा ब्रुसेई हा प्रकार माणसात टिकत नाही. त्याचाच भाऊबंद ऱ्होडेसिएन्से मात्र एसआरए प्रथिनानं एपीओएल१ला धरून निकामी करतो आणि निद्रारोग होतो. यात चकवणं कुठे आहे? हा हल्ला 'मोडून काढणं' आहे. गॅम्बिएन्से हा तिसरा प्रकार एपीओएल१ आत कमी घेतो, शिवाय आपलं पटल ताठर करतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : तो 'दाद देत नाही'.

काळा आजाराचा लेशमानिया आणखी वेगळा. रक्तातल्या जंतूंवर तुटून पडणाऱ्या 'पूरक' प्रथिनांपैकी सी३बी त्याच्या अंगाला चिकटलं की तो जीपी६३ या विकरानं (एन्झाइमनं) त्याचे तुकडे करतो. त्यामुळे त्याला भोक पाडणारी पुढची साखळी अडते. पण उरलेला तुकडा ओळखून मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्याला गिळतात, आणि तिथेच तो वाढतो. संरक्षणच 'वापरून घेणं' म्हणावं असं हे काम.

विचारणा करणारी :
आमच्याकडच्या गुरांतला सर्रा हा ट्रिपॅनोसोमाचाच रोग घ्यायचा होता. तो माणसाला होत नाही ना?

दुसरं उत्तर देणारे :
सहसा नाही, त्याच एपीओएल१मुळे. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचाच ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. सुरामिन हे औषध देऊन ते बरे झाले. नंतर कळलं की त्यांच्या एपीओएल१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता, त्यामुळे हे प्रथिन रक्तात नव्हतंच. प्रयोगशाळेत त्यांच्या रक्तद्रवात ते घातल्यावर परजीवी मरू लागले. हे उदाहरण टिपणात जरूर घ्या, आणि इथे 'चकवलं' अजिबात लिहू नका. परजीवीनं काहीच केलं नव्हतं, उपजत संरक्षणातली एक कडीच जन्मापासून गळालेली होती.

पहिलं उत्तर देणारे :
पटलं. मग 'चकवणे' कशासाठी राखायचं?

दुसरं उत्तर देणारे :
ओळख लपवण्यासाठी. शिस्टोसोमा हा रक्तातला चपटा कृमी यजमानाचेच रेणू अंगावर पांघरतो, तिथे तो शब्द शोभतो. सगळ्या तऱ्हा एका मथळ्यात हव्या असतील तर 'निसटणे' घ्या : 'उपजत संरक्षणातून परजीवी कसे निसटतात'. आत प्रत्येकाला त्याचं त्याचं क्रियापद द्या.