विषय: स्वागताच्या दोन ओळी – शुक्रवारच्या आत पक्कं करा

प्रेषक: केदार (सचिव)

मंडळी, गणपतीची पत्रिका शुक्रवारी संध्याकाळी छापायला जातेय. बाकी सगळं लागलं, फक्त इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या, मूळ रहिवाशांना वंदन करण्याच्या दोन ओळी अडल्यात. मागच्या खेपेचा प्रकार सगळ्यांना आठवत असेलच, म्हणून या वेळी मराठीतून आणि कागदावर बघून. रश्मीने मसुदा दिलाय:

‘आपण जिथे जमलो आहोत त्या भूमीचे मूळ मालक यगेरा लोक, त्यांना वंदन. ही मालकी सरकारने मान्य करावी असा ठराव सिनेटमध्ये मांडणारे नेव्हिल बॉनर इथलेच, इप्सविचचे.’

सूचना फक्त शब्दांबद्दल. खुर्च्यांचं वेगळ्या मेलवर चाललंय.

प्रेषक: नंदाताई

‘मूळ मालक’ कानाला खटकतं. मग आपण कोण, भाडेकरू? ‘पारंपरिक राखणदार’ म्हणा. शाळांतून कस्टोडियन म्हणतातच की. आणि आरतीआधी सिनेटर कशाला? गणपतीत राजकारण नाही, हे मंडळ सुरू झालं तेव्हाच ठरलंय. ठरवणाऱ्यांत मी होते.

प्रेषक: सतीश

नंदाताई, राखणदार म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात काय ते ठाऊक आहे ना? वेशीवरचा असतो तो. त्याला नारळ द्यावा लागतो, काही गावांत कोंबडा. जित्या माणसांना राखणदार म्हणाल तर पंचाईत होईल.

त्यापेक्षा सरळ गाऱ्हाणंच घालू. नवीन जागेत काही करायचं तर आधी जागेवाल्याचं नाव घ्यायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. ‘बा देवा म्हाराजा’ मी म्हणतो, हॉलने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. माइकसुद्धा लागणार नाही.

प्रेषक: नंदाताई

कोंबडा हा शब्द पत्रिकेत येणार नाही एवढं बघा.

प्रेषक: रश्मी

‘मालक’ मी माझ्या मनाचा घातलेला नाही. मराठी शाळेच्या मोठ्या मुलांसाठी टिपण करताना सिनेटचा तो ठराव काढून वाचला, २० फेब्रुवारी १९७५ चा. त्यात दोन शब्द आहेत आणि दोन्ही मुद्दाम आहेत. आधी म्हटलंय, १७८८ मध्ये पहिला आरमारी ताफा बॉटनी बे ला लागण्यापूर्वी हा सगळा देश मूळ रहिवाशांच्या ताब्यात होता, हे सिनेट मान्य करते. पुढे सरकारला सांगितलंय की त्यांची आधीची मालकी कबूल करा, आणि जमीन गेली तिची भरपाई देणारा कायदा आणा. म्हणजे ताबा, मालकी, भरपाई, या क्रमाने. एकानेही विरोध केला नाही.

मला गंमत वाटली ती क्रमाची. ताब्याला कोण नाही म्हणणार? १७८८ च्या आधी इथे माणसं राहत होती हे डोळ्यांना दिसणारं. ते एकदा सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं, की मालकीला नाही म्हणणं जड जातं. बॉनर स्वतः मूळ रहिवासी, माणूस शाळेत फारसा गेलेला नाही. ऊस तोडलाय, गुरांमागे फिरलाय, पाम आयलंडवरच्या मूळ रहिवाशांच्या वसाहतीत वर्षं काढलीत. आणि मसुदा वकिलाला लाजवेल असा.

त्या ठरावाने कायदा काही झाला नाही, ठरावाने होतही नसतो. जमिनीवरचा मूळ हक्क हाय कोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मानला तो १९९२ मध्ये, माबो खटल्यात. सतरा वर्षं गेली मध्ये. म्हणून म्हणते, जो शब्द त्या माणसाने सिनेटकडून मंजूर करून घेतला, तो आपण कानाला खटकतो म्हणून बदलायचा?

प्रेषक: अण्णा

रश्मीचं बरोबर. ताबा वेगळा आणि मालकी वेगळी, हे ज्याने सातबारा हाताळलाय त्याला सांगावं लागत नाही. आमच्या आजोबांचं नाव मालक म्हणून आणि कसणारा दुसरा. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनाला, कुळं मालक झाली, आणि आजोबांना ते शेवटपर्यंत पचलं नाही. ‘ताबा त्याचा होता, जमीन माझी होती,’ हेच पालुपद. लहानपणी मला आजोबांचं खरं वाटायचं. आता वाटतं, पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभा कोण होता?

इथे तर उलटंच. कसणारे, राहणारे, नांदणारे तेच, आणि नाव लागलं बाहेरच्याचं. १७८८ चा फेरफार मंजूर कोणी केला? नोटीस कोणाला बजावली? हरकतीची मुदत किती दिली? आमच्या तलाठ्यानेसुद्धा असली नोंद धरली नसती.

‘मूळ मालक’ ठेवा. मिरासदारही चाललं असतं, पण नव्या पोरांना कळणार नाही.

प्रेषक: विक्रम

शब्द कोणताही घ्या. माझा मुद्दा वेगळा. बॉनर लिबरल पक्षाचे, आणि तरी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध समोरच्या बाकांवर जाऊन बसून त्यांनी ३४ वेळा मत दिलं. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर राज्यसभेत हे करून दाखवा, व्हिप मोडला की पद गेलं. इकडे तसा कायदा नाही. पण फुकट काही मिळत नाही: १९८३ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना यादीत तिसऱ्या नंबरवर टाकलं, म्हणजे हरायच्या जागेवर. त्यांनी पक्ष सोडला, अपक्ष उभे राहिले, थोडक्यात हुकले. तिकीटवाटप क्वीन्सलँडमध्येही आपल्यासारखंच.

प्रेषक: नंदाताई

म्हणजे राजकारणच झालं ना हे? आणि विक्रम, अर्धंच सांगू नकोस. हेच गृहस्थ १९९८ च्या घटना परिषदेत प्रजासत्ताकाच्या, म्हणजे राणीला हटवण्याच्या, विरोधात बोलले होते. ते कसं बसवायचं तुमच्या ठरावात? आम्ही तेव्हा नवीनच आलो होतो, टीव्हीवर पाहिलंय मी. बोलून झाल्यावर त्यांनी आपल्या भाषेतलं शोकाचं गाणं म्हटलं. आमचे हे चहा घेऊन उभेच राहिले, कप हातातच. एक अक्षर कळलं नव्हतं आम्हाला.

प्रेषक: अण्णा

नंदाताई, हे तुम्ही आजपर्यंत कधी बोलला नाहीत.

प्रेषक: मृणाल

बॉनरांच्या नावाची एक सरकारी इमारत होती ब्रिस्बेनच्या विल्यम स्ट्रीटवर. मी नवीन असताना कागद द्यायला दोनदा गेलेय, दोन्ही वेळा चुकीच्या मजल्यावर. क्वीन्स व्हार्फ नावाच्या कॅसिनो प्रकल्पासाठी ती पाडली. आता २०२४ पासून नदीवर पायी जायचा पूल आहे त्यांच्या नावाचा, साउथ बँकवरून. पलीकडच्या टोकाला कॅसिनो. ज्याने मालकी कबूल करा म्हटलं त्याच्या नावावरून लोक जुगार खेळायला जातात, यावर माझं काही म्हणणं नाही, नुसतं सांगतेय. पूल छान आहे, संध्याकाळी वारा असतो.

रश्मी, एक विचारू? मसुद्यात ‘इथलेच, इप्सविचचे’ म्हटलंयस. जन्म तर ट्वीड नदीच्या मुखाजवळच्या बेटावरचा ना, न्यू साउथ वेल्सचा? शाळेतली पोरं लगेच पकडतील.

प्रेषक: रश्मी

हो, जन्म तिकडचा, १९२२ चा. राहिले आणि वारले इप्सविचला. ‘इप्सविचला राहिलेले’ करते. आणि भरपाईचा शब्दसुद्धा घालायचाय मला, तो सोडला तर ठराव अर्धा राहतो.

प्रेषक: केदार (सचिव)

अंतिम:

‘आपण जिथे जमलो आहोत त्या भूमीचे मूळ मालक यगेरा लोक, त्यांना वंदन. ही मालकी कबूल करा आणि तिची भरपाई द्या, असा ठराव १९७५ मध्ये सिनेटकडून एकमताने मंजूर करून घेणारे सिनेटर नेव्हिल बॉनर इप्सविचला राहिलेले.’

घड्याळ लावून वाचलं, वीस सेकंद. रश्मी, भरपाई घातली, आता पुरे. यगेरा की जगेरा, दोन्ही लिहितात. उच्चार हॉलवाल्यांना फोन करून विचारून घेतो. नंदाताई, वाचायचं तुम्हीच. नाही म्हणू नका.

सतीशदादा, गाऱ्हाणं आरतीनंतर. दोन मिनिटं, कोंबडा वगळून.

प्रेषक: नंदाताई

वाचते. अक्षर मोठं छाप, चष्म्याचा नंबर बदललाय.

प्रेषक: सतीश

व्हय म्हाराजा.