आजोबांच्या पदकांत बर्मा स्टार नाही. विकत घेऊन संच पूर्ण करावा का?

पंचगंगाकाठ:
माझे आजोबा शिरोळ तालुक्यातून मराठा पलटणीत भरती झाले होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार आणि वॉर मेडल अशी चार पदके सापडली; एकावरही नाव नाही. ते ब्रह्मदेशात लढले, असे घरात सांगितले जाते, म्हणून बर्मा स्टार विकत घेऊन पाचही पदके चौकटीत लावावीत, असा विचार आहे. ही पदके शौर्याबद्दलच मिळाली होती ना?

निवृत्त सुभेदार:
कृपया बर्मा स्टार घेऊ नका. ही मोहिमेची पदके आहेत. नेमलेल्या रणक्षेत्रात, नेमलेल्या तारखांच्या दरम्यान ज्याने सेवा केली, त्याला हे स्टार मिळत, मग तो शिपाई असो वा कर्नल. शौर्यपदक त्या एका माणसाच्या कृतीसाठी असते: मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतील १० जुलै १९४४ रोजीच्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तर त्यांच्या शेजारी लढलेल्या जवानांना इटली स्टार मिळाला तो इटलीतील सेवेबद्दल. आफ्रिका स्टारची मुदत १२ मे १९४३ रोजी संपते आणि इटली स्टारची ११ जून १९४३ रोजी सुरू होते, त्यामुळे आपल्या आजोबांचा मार्ग या दोन ताऱ्यांवरूनच वाचता येतो. पाचवे पदक हरवलेही असेल, परंतु ते डिस्चार्ज बुकावरून (सैन्यातून सुटताना मिळालेल्या सेवेच्या नोंदवहीवरून) ठरवावे, त्यात ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्वेतील आणि ‘सी.एम.एफ.’ म्हणजे मध्य भूमध्य सागरी भागातील सैन्य.

जुनी नाणी, जुनी पदके:
नाव नसल्याने शंका घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार ब्रिटिश सैनिकांना कोरेच दिले गेले. भारतीयांच्या काही स्टारवर मात्र नाव आढळते. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. ते पदक बहुधा चांदीचे असल्याने कित्येक घरांतून सराफाकडे मोडीत गेले आणि सोबतचे काशाचे व्हिक्टरी मेडल एकटे उरले. अशी ताटातूट पाहिली की मला फार वाईट वाटते. आपली पदके घासूनपुसून चकचकीत करू नयेत आणि मूळ फिती विरल्या असल्या तरी टाकू नयेत.

पंचगंगाकाठ:
दोघांचेही आभार. डिस्चार्ज बुक थोरल्या काकांकडे मिळाले, त्यात ‘सी.एम.एफ.’ स्पष्ट वाचता येते, ब्रह्मदेशाचा उल्लेख कोठेही नाही. चौकट चार पदकांचीच करायला दिली आहे.