मुलं रोज येतात, लाडू संपतात, म्हणजे योजना यशस्वी झाली का?

खानापूरकर (धागाकर्ता)

मलप्रभाकाठ यांनी परवा गटावर लिहिलं की मूल्यमापन, म्हणजे योजनेचा खरंच उपयोग झाला का हे तपासणं, हा बाहेरून आलेल्या पाहणीवाल्यांची पोटं भरण्याचा धंदा आहे आणि तो पैसा शेंगदाण्याच्या लाडवांवर घालावा. त्यांची संस्था आपल्या खानापूर तालुक्यातल्या वाड्यांत बारीक मुलांना हे लाडू देते. केंद्रांत रोज मुलांनी चटई भरते, डबा रिकामा होतो, आणखी कसला पुरावा हवा, असा त्यांचा सवाल. तिथेच खाली उत्तर लिहायला घेतलं, पण आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

डबा रिकामा झाला एवढ्यावरून लाडू वाटले गेले इतकंच कळतं. मुलाचं वजन वाढलं का, वाढलेलं टिकलं का, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. त्यांनी पुरावा दिला तो असा: ऑगस्टमध्ये वजनं घेतली, जानेवारीत परत घेतली, वाढ दिसली. अहो, जांबोटी-कणकुंबीकडे ऑगस्टचे दिवस कसे असतात ते तुम्हाला मी सांगायचं का? रोप लावून झालेलं, घरातलं भात तळाला गेलेलं, ओढ्यांना पाणी, पोरांना जुलाब आणि ताप. जानेवारीत मळणी होऊन घरात नवीन भात आलेलं असतं. एकही लाडू दिला नसता तरी ते पोर जानेवारीत बरंच दिसलं असतं. त्यातून तुम्ही निवडलीत सगळ्यांत बारीक मुलं. त्यातली काही त्या आठवड्यात आजारी होती म्हणून बारीक होती, ती आपसूक सावरतात.

याला लाखांचा अभ्यास लागत नाही. योजना आखतानाच ठरवायचं की नेमकं काय बदलायला हवं आणि ते कशावरून समजेल. मोजणी ऑगस्ट ते ऑगस्ट करायची. सगळ्या वाड्यांना एकदम पुरेल एवढा पैसा तुमच्याकडे नाहीच, म्हणजे क्रम लावावाच लागणार. तो चिठ्ठ्या टाकून लावा आणि ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी आहे त्या वाड्यांतलीही वजनं आत्ताच घ्या, म्हणजे लाडू मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना होईल.

आपल्या राज्यात मुलांना दूध देणारी क्षीरभाग्य योजना २०१३ पासून आहे, गरोदर आणि बाळंतिणींना गरम जेवण देणारी मातृपूर्ण २०१७ पासून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, मुलं २०१५-१६ ला ३६.२ टक्के होती, पुढच्या पाहणीत ३५.४. दूध आलं, अंडी आली, गरम जेवण आलं. मग अडलं कुठे, हे विचारायचंच नाही का?

मलप्रभाकाठ

बेळगावात बसून लिहायला सोपं आहे. भुकेल्या मुलाला वजनकाट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा आणि "तुझा नंबर पुढच्या वर्षी" म्हणून परत यायचं? हे माझ्याच्यानं होणार नाही, संस्थेत काम करणाऱ्या माझ्या पोरींनाही मी करायला सांगणार नाही.

पुढच्या पाहणीचं कर्नाटकातलं काम २०१९ च्या जुलै ते डिसेंबरात झालं. मातृपूर्ण सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं. खुजेपणा आईच्या पोटापासून सुरू होतो, तो दोन वर्षांत पुसायला निघालात होय?

आणि टिकण्याचं मला सांगू नका. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरलेलं, म्हणजे अतितीव्र कुपोषित पोर मी स्वतः जिल्ह्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात नेलंय. तिथे वजन १५ टक्के वाढलं की घरी सोडतात. पण आई त्याच्या आधीच उठून आली, कारण घरी म्हशीची धार काढायला कुणी नव्हतं. पोर घरी आल्यावर पुन्हा उतरलं. यात कुठलं मूल्यमापन काय करणार होतं?

खानापूरकर

हेच की! म्हशीची धार कोण काढणार हा प्रश्न योजना आखताना कुणी विचारलाच नाही, म्हणून पोर उतरलं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

निवृत्त सांख्यिकी

यावर एक जुना दाखला आहे. तामिळनाडूत १९८० मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून पोषण कार्यक्रम सुरू झाला. दर महिन्याला वजन, ज्याची वाढ अडली त्याला खाऊ, आईला शिकवण. तो गाजला. १९९५ मध्ये तोच साचा बांगलादेशात नेला, तिथे म्हणावा तसा परिणाम आला नाही. तिथल्या बऱ्याच घरांत बाजार पुरुष करायचे आणि ताटात काय पडायचं ते सासू ठरवायची. शिकवण मात्र सुनेला दिली जात होती. शिवाय केंद्रात खाऊ मिळतो म्हटल्यावर घरचं ताट कमी व्हायचा धोका होताच.

आता खानापूर तालुक्यातल्या घरांत डोकावा. लाडवांची माहिती देणाऱ्या बैठकीला किती सासवा बोलावल्या होत्या, मलप्रभाकाठ?

टीचर

मी अंगणवाडी टीचर. मघापासून वाचतेय. ऑगस्टला मोजा, जानेवारीला मोजा, शेजारच्या वाडीत पण मोजा. मोजणार कोण? आम्हीच ना?

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी फळीवर आडवं निजवून घ्यावी लागते. एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबून पावलं सरळ करायची. मूल रडतं, पाय आखडतं, आई म्हणते "सोडा बाई त्याला". मदतनिसाची जागा रिकामी असली की मी एकटी. एक सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला की मूल वाढीच्या तक्त्यावर एका रंगातून दुसऱ्या रंगात जातं, लाल म्हणजे सगळ्यांत वाईट. मग ते पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चढवायचं, रेंज नसेल तर टेकावर जाऊन. शिवाय वही वेगळी. निवडणुकीची यादी आली की ती पण आमच्याकडेच.

आणि खरी गोष्ट कुणी बोलत नाही ती मी सांगते. लाल रंगाचं मूल दिसलं की बोलणी टीचरला बसतात. "तुझ्याच केंद्रात कशी एवढी?" मग पुढच्या महिन्यात मुलं कागदावर सुधारतात. हे सगळ्यांना माहीत आहे, वरच्यांना पण. आकडा खरा पाहिजे असेल तर आधी आकड्यावरून ओरडायचं बंद करा.

सीमावासी

टीचरबाईंना १००% पाठिंबा. पण मुळाचा मुद्दा राहतोय. विचारणारा कुठल्या भाषेत विचारतो?

आमच्या गावात पाहणीला आलेली मुलगी धारवाडकडची होती. मराठीचा गंध नाही. प्रश्न कन्नडमध्ये छापलेले. पंचायतीचा मेंबर मध्ये खुर्ची टाकून बसला. ती विचारायची, हा मराठीत सांगायचा आणि बाईने तोंड उघडायच्या आत हाच उत्तर द्यायचा. अंडं आठवड्यातून किती वेळा मिळतं? "रोज म्हणून लिहा की." बाई पदर तोंडाला लावून बसून राहिली. आमच्या गावातलं "रोज अंडं" असं तयार झालं.

भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असले तर तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केलंय. खानापुरात आम्ही १५ टक्क्यांच्या कितीतरी वर आहोत. कुठे आहेत ते कागद?

चिकोडीवाला

झालं, आली भाषा. गटावर रस्त्याचा खड्डा निघाला तरी तिसरा प्रतिसाद सीमाप्रश्नाचा असतो. महाजन आयोग झाला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेपर्यंत पोरांची वजनं घ्यायची थांबवूया का?

सीमावासी

थांबवा असं कोण म्हणालं? काय बोलूलाय तुम्ही? ज्या उत्तरावर योजना उभी करायची ते उत्तर बाईचं नाही, मेंबरचं आहे, एवढंच सांगतोय. तुमच्या गावात दोन्ही भाषा चालतात म्हणून तुम्हाला टोचत नाही.

हुक्केरीचा

माझी आई कन्नड, वडील मराठी. त्या धारवाडच्या पोरीला बोल लावू नका. तिला एका दिवसात ठरावीक घरं उरकायची असतात, मराठी येतं का हे तिला नेमताना कुणी विचारलेलं नसतं. जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड बायकांसमोर मराठी कागद ठेवला जातो तेव्हा त्यांचंही हेच होतं, माझी मावशी तिकडे दिलीय. दोन्ही सरकारं सारखीच.

सीमावासी

सारखी कशी? महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना दिली. इकडून, कर्नाटकातून, लगेच विरोध झाला.

चिकोडीवाला

दिली ना? मग तुमच्या गावात किती जणांना त्याचा खरा उपयोग झाला? फॉर्म किती भरले ते नका सांगू. किती जणांचं ऑपरेशन झालं आणि घरचं सोनं गहाण न पडता झालं, ते सांगा.

सीमावासी

याचे आकडे माझ्याकडे नाहीत. पण ही घोषणा आमची माणसं विसरलेली नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

चिकोडीवाला

मलप्रभाकाठांची भरलेली चटई आणि तुमची घोषणा, दोन्ही एकाच मापाच्या. आपल्या बाजूच्या सरकारला प्रश्न विचारायचा झाला की तुमचा घसा बसतो.

सीमावासी

घसा आमचा लाठ्या खाऊन बसलाय. माझ्या वडिलांच्या पाठीवर अजून वळ आहेत. तुम्ही मला माप शिकवू नका.

निपाणीची लेक

दोघांनीही थोडं थांबा. भाषा मराठी असली तरी माणूस कागदावरून गळतो, हे मी जवळून बघितलंय.

देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा १९८२ चा. त्या बायकांच्या पाहण्या झाल्या १९९३-९४ आणि २००७-०८ मध्ये. दोन्ही मिळून ४६ हजारांवर नावं. पेन्शन असो की घर, आधी यादीत नाव आहे का ते बघतात. आमच्या गल्लीतली एक बाई पाहणीच्या वेळी मुंबईला धुणीभांडी करत होती. विचारायला आलेला माणूस आपल्यातला, मराठी बोलणारा. दाराला कुलूप बघून पुढे गेला. आज तिचे डोळे गेलेत, ती अजून अर्ज घेऊन फिरते, आणि उत्तर एकच मिळतं, "पाहणीत नाव नाही." पाहणीत जी दिसली नाही ती सरकारच्या लेखी नाहीच.

ऊसतोडीच्या हंगामात संकेश्वर-निपाणी पट्ट्यात बीडकडच्या टोळ्या पालं टाकून राहतात. त्यांची पोरं मराठीच बोलतात. त्यांना कोण मोजतं? त्यांच्या गावची अंगणवाडी म्हणते बाहेर गेलीत, आपली म्हणते आमची नव्हेत. सीमावासी, तुमच्या १५ टक्क्यांत ती धरलीत का?

सीमावासी

नाही धरली. ती धरायला हवीत, हे मान्य. पण म्हणून कन्नड कागदाचा मुद्दा सोडणार नाही.

निपाणीची लेक

सोडू नका. आधी पालावर जाऊन या, मग दोन्ही मुद्दे एकदम मांडा.

निवृत्त सांख्यिकी

भाषेवर माझं मत सीमावासींच्या जवळचं आहे, कारण वेगळं. नोकरीत मी असंख्य तक्ते तपासले. एका गावातल्या सगळ्या घरांची उत्तरं एकसारखी आली की समजायचं, उत्तर देणारा माणूस एकच होता. विचारणारी बाई असावी, त्या गावची भाषा तिला यावी, आणि मेंबरला त्या वेळी चहाला कुणीतरी दुसऱ्या घरी न्यावं. याला ना कोर्ट लागतं ना आयोग.

मलप्रभाकाठ

एवढ्या गदारोळात मला कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. चिठ्ठ्या टाकून वाड्या मागे ठेवणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. पण यंदा पाच वाड्या पैशाअभावी तशाही राहिल्यात. तिथली वजनं घेऊ. ज्याचा दंड साडेअकराच्या खाली भरेल त्याला मी त्याच दिवशी घेऊन येणार, मग तुमची तुलना बिघडली तरी चालेल. दुसरी मोजणी जानेवारीऐवजी पुढच्या ऑगस्टला. सासवांना बोलावतो, येतील की नाही ते त्यांच्यावर. खानापूरकर, हे तुमच्या लिहिण्यामुळे नव्हे, टीचरबाईंमुळे.

खानापूरकर

कुणामुळेही करा, पण करा. दंड कमी भरलेल्या मुलाला आणायलाच हवं, त्यावर वाद नाही. तेवढी मुलं वेगळी लिहून ठेवा.

टीचर

माझी अट ऐका. नवीन वही काढणार नसाल आणि फळीवर पाय धरायला तुमची एक पोरगी देणार असाल तर माझ्या केंद्रात या. वजनाचा कागद सुपरवायझरकडे जाणार असेल तर येऊ नका.

मलप्रभाकाठ

कागद माझ्याकडेच राहील. पोरगी पाठवतो. मराठी येतं तिला, सीमावासींना सांगा.