नवख्याला पहिल्याच दिवशी टर्मिनल कशाला?

नारायणपेठी: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, अशी मंडळी आता लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळताहेत. पुण्यात प्रत्येकाच्या ओळखीत असं कुणीतरी सापडेल: निवृत्त शिक्षक, क्लासवाले, सोसायटीचे खजिनदार. त्यांचे प्रश्न रोजचेच असतात. मराठी कसं टाइप करायचं? प्रिंट का येत नाही? आणि आपण कमांड टाइप करायच्या खिडकीकडे बोट दाखवतो, "टर्मिनल उघडा, एवढं पेस्ट करा."

माझं ठाम मत आहे, याला मदत म्हणू नये. काम होतं, पण समोरच्याला काहीच येत नाही. मराठी टायपिंगच घ्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट, त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) किंवा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा). एकदा स्वतःच्या हाताने केलं की उद्या तोच माणूस शेजाऱ्याला लावून देईल.

धनकवडीकर: साफ असहमत. समोर बसून शिकवताना हे ठीक. फोनवर काय करणार? मी "डावीकडच्या मेनूत जा" म्हणतो, आणि काकांकडे मिंट नसून उबुंटू, म्हणजे दुसरंच लिनक्स असतं, तिथे तो मेनूच नाही! मिंट उबुंटूवरच बेतलेलं असल्यामुळे अपडेटची यादी ताजी करणारं 'सुडो ॲप्ट अपडेट' मात्र दोन्हीकडे तेच. शिवाय चूक आली तर ती अक्षरांत येते, जशीच्या तशी कॉपी करून मला पाठवता येते.

कर्वेनगरची बाई: धनकवडीकर, 'सुडो' म्हणजे अख्ख्या सिस्टिमची किल्ली, हे त्या काकांना कोण सांगणार? आज तुमची कमांड पेस्ट केली, उद्या नेटवरची कुठलीही करतील. पासवर्ड टाकताना बऱ्याच ठिकाणी पडद्यावर काही उमटत नाही. माणूस घाबरून खिडकीच बंद करतो.

माझ्याकडे ज्येष्ठ मंडळी शिकायला येतात. त्यांची खरी अडचण तुम्हा दोघांच्याही यादीत नाही. वीस वर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात, नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. आयुष्यभराचं लेखन गेलं असं वाटून माणूस रडवेला होतो हो! त्याच्याशेजारी तासभर बसावंच लागतं.

नारायणपेठी: बाई, अगदी बरोबर. आणि अशा माणसाला पहिल्याच बैठकीत टाइमशिफ्ट हे ॲप लावून द्यावं. सिस्टिम बिघडली तर मागच्या स्थितीत नेता येते, म्हणजे बटणं दाबून बघायची भीती जाते.

धनकवडीकर: लावा, पण टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाइली जपतं, घरचे फोटो आणि कागदपत्रं नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवी. कमांडबद्दल माझं मत बदललेलं नाही. काही जुन्या लेझर प्रिंटरना चालू होताना दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर लागतं. ते का पोचलं नाही, हे मला लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेली नोंद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि तो लॉग काकांकडून मागवायला एक ओळ पुरते.

कर्वेनगरची बाई: मागवा की. फक्त त्या ओळीत 'सुडो' असेल तर ती काय करते ते आधी मराठीत लिहा, मग ओळ द्या.