नॅनोकणांचं मेम्ब्रेन: पाणी वेगानं गाळून नेमकं काय साधतं?

निर्झर: आरओ मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे दाबानं खारं पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यात, क्षार अडवतो तो पॉलिअमाइड या प्लॅस्टिकसारख्या पॉलिमरचा थर, जाडी जेमतेम १००-२०० नॅनोमीटर. २००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक होक यांच्या गटानं या थरात झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळले. पाणी जास्त झिरपू लागलं, क्षार मात्र पूर्वीइतकेच अडले. नुसत्या पॉलिमरमध्ये झिरप वाढवली की क्षारही जास्त निसटतात, तो पेच इथे सुटताना दिसतो. संशोधनाचा पैसा इथेच लागावा असं माझं ठाम मत आहे.

ओलावा: समुद्राच्या पाण्यासाठी तरी मला हे पटत नाही. त्याचा परासरण दाब, म्हणजे गोडं पाणी खाऱ्याकडे ओढणारा दाब, सुमारे २७ बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब). त्यातलं निम्मं गोडं पाणी काढून घेतलं की उरलेल्या खाऱ्या पाण्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. मेम्ब्रेन कितीही झिरपतं असलं तरी पंपाला त्यापेक्षा जास्त दाब द्यावाच लागतो. इतकं पाणी काढायला घनमीटरमागे किमान एक युनिटच्या आसपास वीज लागते, हा निसर्गनियम. चांगले आरओ संच आज दोनच्या आसपास आलेत. मग मेम्ब्रेन दहापट झिरपतं झालं तरी मिळणार काय? उलट पाणी जोरात ओढलं की क्षार पृष्ठभागावर दाटतात.

निर्झर: वीज फार वाचणार नाही, मान्य. पण तेवढ्याच पाण्याला मेम्ब्रेन कमी लागेल. आणि कमी खाऱ्या पाण्यात परासरण दाबच कमी असतो, तिथे झिरपेचा फायदा विजेतही दिसतो.

गाळणी: मी अशा प्लांटवर काम करते. आमचं खरं दुखणं वेग नाही, मेम्ब्रेनवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर आहे. क्लोरीननं जिवाणू मरतात, पण पॉलिअमाइडही खराब होतं. म्हणून मेम्ब्रेनच्या आधी क्लोरीन काढून टाकावा लागतो, आणि त्यापुढे जिवाणू पुन्हा वाढतात. दाब चढत जातो, मग रसायनांनी धुणं, आणि प्रत्येक धुण्यात मेम्ब्रेनचं आयुष्य थोडं घटतं. क्लोरीन सोसणारं मेम्ब्रेन नॅनो पदार्थांनी दिलं तर मी आज घेईन.

ओलावा: जिवाणू रोखायला चांदीचे नॅनोकण सुचवले जातात. पण चांदी जिवाणू मारते ती मुख्यतः आपले आयन (विद्युतभारित अणू) पाण्यात सोडून. म्हणजे ती झिजणार, आणि झिजलेली चांदी कुठेतरी जाणारच. मेम्ब्रेनसाठी सुचवला जाणारा दुसरा पदार्थ म्हणजे ग्राफीन ऑक्साइड, कार्बनचे अतिपातळ थर; पण तेही पाण्यात फुगतात, मधली फट रुंदावते. २०१७ साली मँचेस्टर विद्यापीठात ते इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये जखडून फुगवटा रोखला, पण प्रयोगशाळेतला तुकडा वेगळा आणि वर्षानुवर्षं दाबाखाली चालणारं मेम्ब्रेन वेगळं.

गाळणी: चांदीचं बरोबर आहे. म्हणूनच विकणाऱ्यानं झिरपेच्या आकड्याबरोबर किती कण सुटतात आणि किती धुण्यांनंतर, तेही लिहून द्यावं. आमच्या हाती येतो तो फक्त नव्या मेम्ब्रेनचा आकडा.