मदत हवी आहे: शेअर आधीच निम्मे-निम्मे वाटलेत, आता सीटीओला (तंत्रज्ञानाची बाजू सांभाळणाऱ्याला) किती द्यावेत?

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरची केळीची बाग. बागाईतदार आणि व्यापारी यांच्यातलं कापणीचं नियोजन जुळवणारं अ‍ॅप करतोय. मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात. लागवडीची तारीख आणि खोडांची संख्या कळली की कोणत्या गावात कधी किती माल निघेल, याचा अंदाज येतो. गेल्या हंगामात वडील तीन दिवस बांधावर कापणीवाल्यांची वाट बघत बसले आणि घड झाडावरच पिवळे पडले. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

पहिलं अ‍ॅप पुण्यातल्या एका एजन्सीकडून करून घेतलं. साडेतीन लाख गेले. शिवारात नेट गेलं की भरलेलं सगळं पुसलं जातं. दुरुस्ती मागितली तर नवं कोटेशन आलं, कोड अजून हातात नाही.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. १०,००० शेअर, ५,००० माझे, ५,००० आतेभावाचे. त्याने चार लाख घातले, मी नोकरी सोडली. तेव्हा हिशेब सरळ वाटला. आज तो सुरतला नोकरीत आहे, दर रविवारी फोन करतो. माणूस मोठ्या मनाचा, पैशांचा विषय कधी काढला नाही. म्हणूनच त्याच्याशी शेअरबद्दल बोलायला जीभ उचलत नाही. आत्याला काय वाटेल, हेही आहेच.

आता भुसावळचा एक मुलगा भेटलाय, नऊ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी आमच्या बागेत आला, फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि तासभर नोंदी भरून बघत बसला. मला असाच माणूस हवा होता. तो ३०% मागतोय आणि नोकरी सहा महिन्यांनी सोडणार म्हणतो. एवढे द्यावेत का? आणि ते कोणाच्या वाट्यातून?

प्रतिसाद:
भाऊ, टक्के नंतर बघा. आधी एजन्सीकडून कोडचे हक्क लेखी घ्या. बाहेरच्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर सहसा त्याच्याकडेच राहतो, पैसे दिले म्हणून तुमचा होत नाही. त्या मुलाच्या नोकरीचा करारही वाचा, बाहेर लिहिलेल्या कोडवर त्याची कंपनी हक्क सांगू शकते.

३०% साठी सुमारे ४,२८६ नवे शेअर काढावे लागतील, तुम्ही दोघं ३५-३५ वर याल. पण कंपनीच्या काही मोठ्या निर्णयांना विशेष ठराव करावा लागतो आणि त्याला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे २५ टक्क्यांच्या वर गेलेला कोणीही असा ठराव अडवू शकतो. तो नोकरी सोडत नाही तोवर मी तरी एवढे देणार नाही. चार वर्षांचं व्हेस्टिंग ठेवा, म्हणजे शेअर एकदम नाही, काम करत राहील तसे टप्प्याटप्प्याने पक्के होतील, वर्षाच्या आत गेला तर काही नाही. आणि हीच अट तुम्हा दोघा भावांनाही लावा, भागधारक करारात आणि आर्टिकल्समध्येही (कंपनीची नियमावली).

धागाकर्ता:
मनापासून आभार. भावांनाही तीच अट, हे सुचलंच नव्हतं. आता आतेभावाला एकट्याला काही सांगायचं नाही, माझे शेअरही त्यातच येतील. शनिवारी सुरतला जातो, हे फोनवर बोलायचं नाही. जळगाव-भुसावळकडे असे करार केलेले कंपनी सेक्रेटरी कोणाच्या माहितीत असतील तर कृपया कळवा.